खंडेनवमीनंतर फोन लागेना

निपाणीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आई कंडक्टरशी भांडत होती. मला खिडकी हवी होती असं नाही, पण तिला ती मला मिळवून द्यायची होती.

"ह्येला गाडी लागती. खिडकीपाशी बसवा."

"मावशी, एवढा बाप्या गडी, निघालाय तरी कुठं?"

"आयर्लंडला."

"त्ये आणि कुठं आलं?"

"पुण्याच्या लई फुडं," आई ठामपणे म्हणाली, आणि मला खिडकी मिळाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बॅगेजवळ उभे होते. तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर हमाली केलेला माणूस. बोलणं त्यांना ओझ्यासारखंच वाटतं, गरज असेल तेवढंच उचलतात. "पोचलास की कळव," एवढं म्हणाले. मग थोडं थांबून, "मागं बघत बसू नगोस." गाडी हलली तरी आई खालून बोलतच होती. डबा उघडायचा कधी, पाणी कुठलं प्यायचं, तिकडं कुणाशी भांडायचं नाही. भांडू नकोस हे आईनं सांगावं याचं गाडीतल्या लोकांनाही हसू आलं.

हे मी निपाणीत राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही. नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे अशा गोष्टी कशा लिहितात हे विचारायला घरात कुणी नव्हतं. जसं झालं तसं सांगतो.

आई विड्या वळते. आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, गल्लीतल्या चार बायका सुपं मांडीवर घेऊन बसतात, पानं कापतात, तंबाखू भरतात, दोरा बांधतात. हात खाली आणि तोंड वर, असं ते काम. त्यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा. विड्यांची जुडगी घेऊन ती कारखान्यात जायची तेव्हा तिथला तपासनीस तिला वचकून असायचा. खराब म्हणून तो ज्या विड्या बाजूला टाकतो त्यांना छाट म्हणतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि विड्याही परत मिळत नाहीत. आईच्या जुडग्यांतून छाट काढायची म्हणजे त्याला अर्ध्या गल्लीसमोर तिचं ऐकून घ्यावं लागे. "ह्यात काय वाईट हाय? वडून बघ की! न्हाय पेटली तर मला सांग!" लहानपणी मला याची लाज वाटायची. कॉलेजात गेल्यावर जास्तच वाटायला लागली.

आयर्लंडमध्ये लिमरिकला आलो तेव्हा पहिले काही दिवस मला आवाजच सापडेना. रस्ते ओले, माणसं सभ्य, आणि सगळं हळू. मी राहतो त्या घरात पाच जण आहेत. प्रत्येकाचं दूध फ्रिजमध्ये वेगळ्या कप्प्यात. शिकता शिकता अर्धवेळ काम मिळालं तेही आवाजाचंच. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या कंपनीचं हेल्पडेस्क. लोकांच्या घरी ब्रॉडबँड चालू असतं, पण त्यावरचा फोन बंद पडतो. मग ते मोबाईलवरून आम्हाला फोन करतात आणि आम्ही त्यांना एकेक पायरी सांगतो. बॉक्स बंद करा, जरा थांबा, चालू करा. फोनची वायर कुठल्या भोकात आहे बघा. दिवा कुठल्या रंगाचा आहे? रिसीव्हर उचलल्यावर गुणगुण ऐकू येते का? कधी वायर चुकीच्या जागी असते. कधी बॉक्समधली एक सोय मधे मधे करते. ती फोनला मदत करण्यासाठीच दिलेली असते, पण तिच्यामुळेच एका बाजूचा आवाज जातो. ती बंद केली की फोन सुरू होतो.

निघण्याआधी घरी मी असाच फोन बसवून घेतला होता. आमच्या घराच्या आत मोबाईलला रेंज येत नाही. पलीकडच्या वखारीच्या भिंती जाड आहेत. आणि आईला मोबाईल वापरता येत नाही. पानं वळून वळून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्यात. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही, मोबाईलची काचही तिच्या बोटाला दाद देत नाही. ती दाबते, पुसते, परत दाबते, मग म्हणते, "ह्यो मला वळखत न्हाय." म्हणून केबलवाल्याकडून ब्रॉडबँड घेतलं आणि त्याच्या बॉक्सला साधा, रिसीव्हरवाला फोन जोडला. वाजला की उचलायचा. धाकटी बहीण रूपा कॉमर्सला आहे, तिच्या अभ्यासालाही नेट झालं.

दर रविवारी माझ्या दुपारी, त्यांच्या संध्याकाळी मी फोन करायचो. आई रिसीव्हर उचलून आधी सोप्यातल्या बायकांना ओरडायची, "गप बसा गं, पोराचा हाय!" त्या कशाला गप बसतायत? "शिवा, तिकडं भाकरी मिळती का रं?" "गोरी बघून ठेवलास काय?" आई त्यांना शिव्या घालायची, मला हसायची, मग आठवड्याचं भांडण सविस्तर सांगायची. माझ्या खोलीत त्या आवाजानं इतकी गर्दी व्हायची की फोन ठेवल्यावर खोली मोठी वाटायची.

पावसाळा सरता सरता तिचा आवाज बसल्यासारखा यायला लागला. विचारलं तर म्हणाली, "नवा माल आलाय, धुरळा बसलाय घशात. तुझं सांग."

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्यावर पोट चालतं ते सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. आईची कात्री, सूप, अण्णांचा हमालीचा आकडा, विळा, रूपाची पुस्तकं. त्यानंतरच्या रविवारी मी फोन लावला तर कन्नडमध्ये एक बाई सांगायला लागली की हा नंबर सध्या उपलब्ध नाही. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई.

कॉलेजातून, जिथं मोबाईलला रेंज आहे तिथून, रूपाचा मेसेज आला. आईनं या वर्षी इंटरनेटचा बॉक्स आणि फोनही पूजेला ठेवला होता. वायरी काढल्या, ओल्या फडक्यानं पुसलं, कुंकू लावलं. परत जोडल्यावर नेट चालू झालं, फोन मात्र मेला.

मला ते चित्र लगेच दिसलं. बॉक्सच्या भोकात कुंकू, फोनची वायर भलत्याच ठिकाणी. हसू आलं आणि रागही आला. मी रूपाला एकेक पायरी लिहून पाठवायला लागलो, आमच्या हेल्पडेस्कवर सांगतो तशी. बॉक्स बंद कर, जरा थांब, चालू कर. ती लिहायची, केलं. फोनचा दिवा? हिरवा, लुकलुकतोय. वायर दुसऱ्या भोकात घालून बघ. बघितलं, नाही. दुसरा फोन लावून बघ. शेजारचा आणून लावला, नाही. केबलवाला? येऊन बघून गेला, म्हणतो बॉक्सच बिघडलाय, नवा येईपर्यंत थांबा. दिवाळी आली आणि गेली. मधे मी कॉल केला तर रूपा उचलायची नाही, मागाहून वर्गात होते म्हणून लिहायची. मग मी म्हणायचो, आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. ती लिहायची, आई लाजते. आई मावशीकडं गुंजीला गेलीय. आई झोपलीय.

एकदा मी चिडून लिहिलं, आईला सांग, मशीन पुजायचं नसतं, वापरायचं असतं. इतकी वर्षं झाली, थोडं तरी समजून घ्या.

रूपाचं उत्तर आलं, आई म्हणते, चुकलं माझं.

मी परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि दिवसभर इथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन दुरुस्त करत होतो. एक बाई मुलाचा फोन येत नाही म्हणून रडत होत्या. त्यांची वायर सैल झाली होती, एवढंच. ती लागल्यावर त्यांनी मला इतके आशीर्वाद दिले की मला वाटलं, आज आपलंही काम होऊन जाईल. त्याच दुपारी मी रूपाला व्हॉट्सॲपवर कॉल केला. या वेळी तिनं उचलला, ती घरीच होती. म्हटलं, "आता मेसेज बास. मी सांगतो, तू कर. कॉल चालू ठेव. बॉक्सचं बटण बंद कर."

थोडा वेळ गेला. "केला बंद, दादा."

तिचा आवाज अगदी जवळून आल्यासारखा होता. मागं सुपात पानं सारल्याची खसखसही येत होती.

"सगळे दिवे गेले?"

"व्हय. सगळे गेले."

घरात रेंज नाही. ती माझ्याशी बोलत होती ती त्या बॉक्सवरूनच. बॉक्स बंद झाला असता तर त्या क्षणी तिचा आवाज तुटायला हवा होता.

"रूपा," मी म्हणालो, "बॉक्स बंद केलास, तर तू बोलतीस कशावरनं?"

मला तिचं रडणं ऐकू आलं.

तिनं सांगितलं ते असं. आईच्या घशात गाठ होती. पूजेच्या आधीच मिरजेला दाखवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जगवायची असेल तर आवाजाची पेटी काढावी लागेल. आईनंच आधी म्हटलं, पोराला कळू देऊ नका, परीक्षा टाकून येईल. पण फोन चालू असता तर दर रविवारी घोगरा आवाज मला ऐकू गेला असता. म्हणून अण्णा केबलवाल्याकडं गेले आणि नेट ठेवून फोन तेवढा बंद करायला सांगून आले. बॉक्सची कुणी पूजा केलीच नव्हती. माझ्या एकाही पायरीला कुणी बॉक्सला हात लावला नव्हता. दिव्याचा रंगही रूपानं माझ्याच जुन्या मेसेजमध्ये बघून लिहिला होता.

"पूजेचं कुणी काढलं?"

"अण्णांनी. म्हणाले, आमचं येडंपण सांगा, त्याला लगीच पटंल."

पटलं होतं. मी त्यावर एकही शंका घेतली नव्हती.

"ऑपरेशन कधी झालं?"

"दिवाळीच्या आधी."

"आई कुठाय?"

"हितंच हाय. माझ्याम्होरं बसलीया. समदं ऐकतीया."

सुपाचा आवाज थांबला होता. मी "आई" म्हणालो. पलीकडून वारा गेल्यासारखा आवाज आला, त्यात शब्द नव्हता. तिनं श्वास सोडला असावा. आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घेते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

रूपानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं ती तिनं सांगितली नसती तर बरं झालं असतं. मिरजेला निघायच्या आदल्या संध्याकाळी आई बदलली. म्हणाली, एकदा त्याला फोन लावून द्या. आजार सांगत न्हाय, पण एक सांगायचं ऱ्हायलंय त्येवढं सांगती. अण्णा नाही म्हणाले. तिनं हात जोडले. अण्णा म्हणाले, "तुझा आवाज ऐकला की त्यो तिथनं उठंल. मग तुझं कापून काय उपयोग आणि त्याचं शिकून काय उपयोग?" रूपाचा मोबाईल त्यांनी खिशात घातला आणि वखारीत जाऊन बसले. सकाळी तिघं मिरजेच्या गाडीत बसली.

"काय सांगायचं होतं तिला?"

"मला न्हाय सांगितलं. तुलाच सांगायचं म्हणली."

मग अण्णांनी रूपाच्या हातून मोबाईल घेतला. मी रडत होतो, उद्याच निघतो म्हणत होतो. ते ऐकून घेत राहिले.

"तुझ्या येण्यानं आवाज परत येणार हाय व्हय रं?" ते म्हणाले. "परीक्षा दे. मग ये. आता घाई कशाची हाय? जायचं त्ये गेलं."

मी परीक्षा दिली. पासही झालो. चांगला पास झालो.

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो. सोपा तसाच होता, बायका तशाच, फक्त मधे एक जागा शांत. आई पुन्हा कामाला बसली होती. गळ्यावर पांढरं फडकं, खोकला आला की ते हातानं दाबायचं. कुणाला बोलवायचं तर टाळी वाजवते. शेजारचं लहान पोर तिच्या गळ्याच्या भोकातून येणाऱ्या शिट्टीसारख्या आवाजाला घाबरून पळालं, तर ती त्याच्यामागं टाळी वाजवत हसत गेली. हसण्यालाही आवाज नव्हता, आणि पोर आणखी जोरानं रडलं.

तिच्याबरोबर जुडगी घेऊन कारखान्यात गेलो. तपासनीस तोच. त्यानं आईच्या जुडग्यांतून मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या, मग आणखी मूठभर. आईनं टेबलावर थाप मारली. विडी उचलून त्याच्या नाकासमोर धरली, पेटवून बघ अशी खूण केली.

"काय म्हणती ही?" त्यानं मागच्या बायकांना विचारलं. "जरा मोठ्यानं सांगा की, मावशी!"

रांगेतल्या बायका हसल्या. आमच्या सोप्यात बसणाऱ्या, मला भाकरीचं विचारणाऱ्याही त्यात होत्या. त्यांच्याही जुडग्या अजून तपासायच्या होत्या. मी पुढं होऊन बोलायला लागलो, शुद्ध भाषेत, नियमांबद्दल. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आदरानं म्हणाला, "साहेब, तुमी शिकलेली मान्सं, ह्यात कशाला पडताय?" आणि तिसरी मूठ काढली. आईनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

घरी आल्यावर, अण्णा नसताना, मी तिला विचारलं. त्या संध्याकाळी मला काय सांगायचं होतं?

तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडं तोंड करून सावकाश ओठ हलवले. मला कळलं नाही. मी म्हणालो, "जेवत जा, असं?" तिनं मान हलवली, नाही. पुन्हा ओठ हलवले. "रूपाला शिकीव?" नाही. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. तरी मी वही पुढं केली. तिनं पेन घेतला, स्वतःचं नाव लिहिलं, त्याच्याकडं बघितलं आणि पेन टाकून दिला. पुन्हा ओठ हलवले, या वेळी भराभर, पूर्वी बोलायची तसे. मी अंदाज करत गेलो, ती मान हलवत गेली. शेवटी तिनं जमिनीवर तळहात आपटला, आणि मग माझ्या गालावरून हात फिरवून पुन्हा पानं कापायला लागली. तो हात खरखरीत होता आणि मला वाटतं त्या हातानं मला माफ केलं होतं, पण कशाबद्दल ते ठरवता येत नाही.

अण्णा आल्यावर त्यांना विचारलं, तुम्हाला काही बोलली होती का? ते पाय धूत होते.

"काय सांगणार? बाईमाणूस. जेवलास का म्हणली असती."

फोन त्यांनीच केबलवाल्याला सांगून परत सुरू करून घेतला. त्याला काहीच लागलं नाही. केबलवाल्यानं आपल्या दुकानात बसून तो चालू केला आणि आमच्या घरातली घंटा वाजली.

आता पुन्हा लिमरिकला आहे. लोक विचारतात, घरची आठवण येते का? मी हो म्हणतो. पण मी निघालो तेव्हा जे घर मागं ठेवलं असं मला वाटत होतं, ते आता निपाणीतही नाही. ते एका आवाजात होतं, आणि तो आवाज मिरजेच्या दवाखान्यात काढून टाकला. त्या दिवशी मी ग्रंथालयात बसलेलो असणार. तो दिवस कुठला, हे मी रूपाला अजून विचारलेलं नाही. जे गेले आहेत त्यांना एवढंच सांगतो. तुमच्या भल्यासाठी घरात काय काय बंद करून ठेवलंय, ते तुम्हाला तिथून दिसत नाही. आणि जे राहिलेत त्यांच्याशी भांडायची माझी लायकी नाही. अण्णांचं गणित चुकलं असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. आई जिवंत आहे आणि मी पास झालोय.

रविवारी फोन करतो. व्हिडिओवर आई येत नाही, पदर गळ्यावर ओढून बाजूला सरकते. रिसीव्हर मात्र तीच उचलते. मी बोलत राहतो, ती ऐकत राहते. हवामान, कॉलेज, काय शिजवलं. मग अण्णा रिसीव्हर घेतात आणि तिच्या वतीनं बोलतात.

"बरी हाय म्हणती. जेवलास का म्हणती."

मागं टाळी वाजते.

"अण्णा, ती काहीतरी सांगतीय."

"कष्टी होऊ नगोस म्हणती. अभ्यास कर म्हणती."

टाळी पुन्हा वाजते, दोनदा, जोरात. आवाज अगदी स्पष्ट येतो. लाइनमध्ये कसलाही दोष नाही. मी रोज तपासतो त्यांतल्या कुठल्याही लाइनपेक्षा चांगली आहे. मी फोन कानाला दाबून धरतो. आता माझं घर ते एवढंच, त्या टाळीएवढं. टाळी थांबत नाही.

"ए, गप की गं," अण्णा तिला म्हणतात, "सांगतोय न्हवं मी?" आणि मला, "काय न्हाय रं. उगंच वाजिवती. ठेवतो."